जात्यावरची गंगाखेड गाडी

दाजी जात्यावर बसले व्हते. मांडी घालून, खाकी सदऱ्याची बाही खांद्यापतुर गुंडाळून, उजव्या हातानं खुटा धरून जातं फिरवायले व्हते. ज्वारी भरड निघायली व्हती, निम्मी तर जात्याबाहेरच सांडायली व्हती. खुटा एक फेरा मारून आला की दाजी डाव्या हातानं हवेतच गिअर टाकायचे आन तोंडानं इंजनाचा आवाज काढायचे.

"चला, परभणी सुटली! पोखर्णी फाटा, दैठणा, गंगाखेड! मधी उतरणाऱ्यानं आत्ताच बोला, मंग बोंबलायचं न्हाई."

शेजारची दगडाबाई भितीवरून मुंडकं काढून बघायली व्हती.

"अगं पंचफुले, नवरा दळायला लावलास व्हय गं? आता धुणं बी त्येलाच दे की."

"दगडाबाई," दाजी खुटा न सोडता म्हणले, "तिकीट काढलं का? भितीवर उभं ऱ्हाऊन परवास चालत न्हाई. टपावर फकस्त सामान चढतंय."

"कुठं न्यायलास रं बाबा मला? सकाळधरनं हिथंच फिरायलास."

ती हसली, मी बी हसलो. अक्का चुलीपाशी व्हती, ती हसली न्हाई. तेवढ्यात दाजीचा हात खुट्यावरून निसटला. बोटं उघडी पडली, झोपलेल्या लेकराची पडतेत तशी. दाजीनं डाव्या हातानं उजवी बोटं एकेक करून परत खुट्याला गुंडाळली.

"जरा पंक्चर झालंय," ते म्हणले. "बसा, बसा. उतरू नका कुणी."

हे माझे दाजी, आश्रुबा. पंचफुला माझी थोरली बहीण. आमची माय मी लहान असतानाच गेली, तवा अक्कानं मला आपल्यासंग सासरी आणलं. दुसऱ्याचं लेकरू घरात आणलं म्हणून दाजीनं कधी तोंड वाकडं केलं न्हाई. सातवीत मी मास्तराशी हुज्जत घालून शाळा सोडली तवा अक्का दिवसभर रडली. दाजी म्हणले, "ऱ्हाऊ दे. डोक्यात न्हाई तर हातात असंल." आन मला गंगाखेडला सायकलच्या दुकानात चिकटवून दिलं. म्हणून सांगतो, दाजीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपत न्हाई. पहिलंबी खपलं न्हाई, आताबी खपायचं न्हाई.

आमची वस्ती परभणी-गंगाखेड सडकेला लागून हाय, बौद्धांची घरं. दाजी पहिलं एका ट्रकवर किन्नर, म्हंजे क्लीनर व्हते. ट्रक धुताधुता गाडी शिकले, लायसन काढलं आन एसटीत लागले. आमच्या वस्तीतला पहिला एसटीचा ड्रायव्हर. ज्या दिशी खाकी कापडं घालून पहिल्यांदा वस्तीपुढून गाडी नेली, त्या दिशी म्हातारी माणसं सडकेला येऊन उभी ऱ्हाइली व्हती. दाजीनं नुसता हॉर्न वाजिवला. गाडी थांबिवली न्हाई. थांबा नव्हताच आमच्या वस्तीला. दाजी नियमाचा माणूस.

पाटील बी त्यांच्या गाडीत बसायचा. खड्डा आला की मागून म्हणायचा, "आश्रुबा, जरा सावकास." दाजी म्हणायचे, "व्हय मालक, खड्ड्याला सांगतो."

पण एसटीची नौकरी म्हंजे माणूस घरचा ऱ्हात न्हाई. आज ह्या गावाला मुक्कामी गाडी, उद्या त्या गावाला. गाडी सांजच्याला खेड्यात जायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे, सकाळी परत. दाजीला देशभराच्या गावात झोप मिळायची, आपल्या घरात मिळायची न्हाई. महिन्यात कधीतरी सुट्टीवर यायचे, पाय पसरून बसायचे, आन दुसऱ्या दिशी पहिल्या गाडीनं परत डेपोला.

मंग ह्या दोघांनी एक रीत पाडली. दुपारची गंगाखेड गाडी बहुतेक दाजीकडंच असायची. आमचं घर त्या वक्ताला गाडीच्या उजव्या अंगाला पडायचं, म्हंजे ड्रायव्हरच्या खिडकीकडं. अक्का फडक्यात भाकर, चटणी, कांदा, कधी अंबाडीची भाजी असं बांधून सडकेच्या कडेला बाभळीखाली उभी ऱ्हायची. गाडी आली की दाजी ती हळू करायचे, पण थांबवायचे न्हाई. उजवा हात खिडकीतून खाली सोडायचे. अक्का दोन पावलं गाडीसंग चालायची आन गाठोडं त्यांच्या हातात द्यायची. एवढंच. बोलायला वक्तच नव्हता. परतीला गाडी आली की घर डाव्या अंगाला, मंग कंडक्टर दत्तराव दारातून रिकामं फडकं फेकायचा.

"घ्या वहिनी, भाकर पोचली! पावती घ्या!" असं वरडायचा.

दत्तराव पेडगावकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. दाजीच्या फडक्यातली भाकर निम्मी त्योच खायाचा. कधीकधी त्या फडक्यात काहीतरी बांधलेलं असायचं. गंगाखेडच्या बाजारातली बोरं, बत्तासे, एकडाव हिरव्या बांगड्या. बांगड्या फेकताना दोन फुटल्या. अक्कानं ऱ्हायलेल्या घातल्या.

मी एकदा म्हणलो, "दाजी, हे काय जगणं झालं? संसार खिडकीतून करायलेत तुमी."

"अरे, काही लोकांना खिडकी बी न्हाई," ते म्हणले.

त्या दिशी मी घरीच व्हतो, दुकानाला सुट्टी व्हती. म्हणून सगळं माझ्या डोळ्यादेखत झालं. दुष्काळ सरून एक पाऊसपाणी चांगलं झालं व्हतं, सडकेला दोन्हीकडनं ज्वारी उभी व्हती. गाडी आली. हळू झाली. अक्कानं गाठोडं दिलं, दाजीनं धरलं, अक्का मागं सरली. दाजी हात आत घेणार, तेवढ्यात मागून फटफटी आली. गाडी हळू झाली असं बघून त्या गड्यानं फटफटी रेमटली आन गाडीच्या उजव्या अंगानं पुढं काढली. त्येच्या मागं सीटवर पत्र्याची पेटी उभी बांधलेली व्हती, माणूस बसल्यावानी. त्यो सवता वाकून निसटला. पेटी न्हाई वाकली.

आवाज झाला त्यो अजून माझ्या कानात हाय. पेटीचा कोपरा दाजीच्या कोपराला लागला आन हात खिडकीच्या लोखंडावर उलटा मुडपला. भाकरी सडकेवर पसरल्या. फटफटी डुगडुगत जाऊन ज्वारीत आडवी झाली.

आन एसटी? दाजीनं एका हातानं सांभाळली. कुठं खड्ड्यात घातली न्हाई, झाडाला लावली न्हाई. सरळ कडेला घेतली, बंद केली, ब्रेक वढला, मंग स्टेअरिंगवर मान टाकली. आतल्या लोकांना काही कळालंच न्हाई. एक म्हातारी विचारायली, "का थांबली रं? आलं का गंगाखेड?"

अक्का तिथंच उभी. हलली न्हाई, वरडली न्हाई. नुसती भाकरीकडं बघायली.

फटफटीवाला कवळा पोरगा व्हता, गंगाखेडच्या शाळेवर नवा मास्तर म्हणून निघाला व्हता. पेटीत त्येचं सगळं बिऱ्हाड. त्येला गुडघ्याला खरचटलं, एवढंच. मी त्येला ज्वारीतून वढून काढला, दोन हाणल्या बी. दत्तरावनं मला धरलं न्हाई तर तिसरी बी बसली असती. दवाखान्यात त्यो दाजीला भेटायला आला आन रडायलाच लागला. दाजीचा हात खांद्यापतुर पिलास्टरात. दाजी त्येला म्हणतेत, "गुरुजी, पेटीतलं सामान फुटलं न्हाई ना?"

मी म्हणलो, "दाजी, तुमी माणूस हाव का कोण हाव?"

"च्या सांग त्येला," दाजी म्हणले. "लांबून आलाय."

पुढं चौकशी झाली. दत्तराव अगोदरच येऊन सांगून गेला, "आश्रुबा, इचारलं तर एवढंच म्हण, मागच्याला हात दाखवायलो व्हतो. ड्रायव्हरचा हात बाहेर असतोयच की." सायबानं विचारलं, हात बाहेर काहून व्हता? दाजी म्हणले, "बायकोकडून भाकर घ्यायलो व्हतो." दत्तरावनं कपाळावर हात मारला. ताकीद मिळाली. पण साहेब एवढंच बोलला न्हाई. त्यो म्हणला, हात बरा होऊ दे, डॉक्टर तपासतील, मंग डेपोत गाडी चालवून दाखव. जमलं तर तुझं स्टेअरिंग तुला. न्हाई जमलं तर डेपोतलं दुसरं काम.

पिलास्टर निघालं तवा हात वाळल्या कामट्यावानी झाला व्हता. कोपर निम्मंच वळायचं आन बोटात धरायची ताकद नव्हती. आन तिथून दाजीचं एकच. ते स्टेअरिंग. दुसरं काही बोलणंच न्हाई.

जात्याची कल्पना त्यांचीच. "गोल फिरतंय, जड हाय, आन घरात हाय," असं म्हणले. रोज दळायचे. वालूरची तानुबाई मावशी येऊन तेल देऊन गेली, ते अक्का रोज सांजच्याला चोळायची. खांद्यापासून बोटापतुर, एकेक बोट. दाजी डोळे मिटून पडायचे. त्यांचं तोंड अक्काकडं नसायचं, सडकेकडं असायचं.

दुपारच्या गाडीचा वक्त झाला की जातं थांबायचं. दाजी उठून बाभळीखाली जाऊन उभं ऱ्हायचे, अक्का उभी ऱ्हायची तिथंच. नवा ड्रायव्हर लांबूनच हॉर्न द्यायचा. दत्तराव दारातून हात करायचा. गाडी जायची, धूळ खाली बसायची, डिझेलचा वास उरायचा. दाजी त्यो वास जाईपतुर तिथंच. सुट्टीच्या दिशी मी बी संग जायचो.

"भुजंग, तिसऱ्या गिअरला दाता घासायलाय बघ," ते म्हणायचे. "माझ्या हातात कधी घासला न्हाई."

"येईल की परत तुमच्या हातात."

"येईल म्हणतोस?"

असं ते मला विचारायचे. मला! सातवीत शाळा सोडलेल्याला.

अक्का मातर सडकेला येणं सोडून बसली व्हती. दुपारी भाकर व्हायची, फडक्यात बांधायची बी, सवय ती. मंग सोडायची आन टोपल्यात ठेवायची. एकडाव दाजी म्हणले, "चल की गं जरा बाभळीखाली. गाडी यायलीय."

"मला न्हाई यायचं तिथं."

"गाडीनं काय वाकडं केलंय तुझं?"

"माझ्या भाकरीनं हात गेला तुमचा," अक्का म्हणली आन पाण्याला निघून गेली. दाजी मला म्हणले, "तिला वाटतंय मी परत बसू नये गाडीवर. बोलत न्हाई ती. पण मला कळतंय."

मला बी तसंच वाटायचं. रातदिस घरात नवरा, हेच तर तिला पाहिजे व्हतं इतकी वर्सं. आन आता घरात नवरा व्हता, तर त्येचं ध्यान सडकेवर. मला दोघांचा बी राग यायचा, कारण मला दोघं बी पाहिजे व्हते.

फाट्यावरच्या हाटेलात तर लोकांनी उच्छाद मांडला. फटफटीवाला धडधाकट आन एसटीचा ड्रायव्हर जखमी, हे कुणाच्या डोक्यातच जायचं न्हाई. "डासानं बैलाला लाथ घातली म्हण की," असं एकजण बोलला. इथपतुर मी ऐकून घेतलं. मंग सटवाजी, पाटलाच्या भावकीतला, च्याची बशी फुंकत म्हणला, "ह्यांच्या हातात स्टेअरिंग दिलं की हेच व्हायचं. ध्यान सगळं भाकरीवर." त्येची बशी मी त्येच्याच तोंडावर हाणली. मोठी मारामारी झाली. माझं बी व्हट फुटलं.

घरी आलो तर दाजीनं विचारलं, "काय बोलला त्यो?"

मी सांगितलं.

"पहिलं बोलला ते वंगाळ. त्येच्यासाठी हाणली असंल तर हाणली," दाजी म्हणले. "पण ध्यान भाकरीवर व्हतं, हे खरं हाय. भाकरीवर न्हाई, तिच्यावर व्हतं. ती त्या दिशी हिरवं लुगडं नेसली व्हती."

तपासणीचा दिवस आला तवा मिरगाच्या अगोदरचं ऊन व्हतं. हात लय सुधरला व्हता. जात्यातलं पीठ बारीक निघायला लागलं व्हतं, दगडाबाई आपलं दळण बी घेऊन यायली व्हती. "तुझ्या गाडीला आता थांबायची घंटीच न्हाई, आश्रुबा, चालतीयच," असं म्हणायची. दाजीनं सकाळी दाढी केली, खाकी कापडं घातली, बिल्ला लावला. अक्कानं भाकर बांधून हातात दिली. घरातल्या घरात, उंबऱ्यापाशी. म्हणली, "सावकास." दाजी थोडा वेळ थांबले, तिनं आणखी काही बोलावं म्हणून. ती चुलीकडं वळली.

मी म्हणलो, "मी येतो संग."

"तू नको. तू डॉक्टरशी भांडशील."

मी दुकानावर गेलो. त्या दिशी एक चाक धड वढता आलं न्हाई मला. सगळे आरे वाकडे. शेठ म्हणला, "ध्यान कुठं हाय तुझं?" मी म्हणलो, "परभणीत." सांजच्याला वस्तीवर आलो आन बाभळीखाली बसलो. मला वाटायचं, आता गाडी येईल आन दाजी ड्रायव्हरच्या दारातून उतरतील.

थांबा नसताना बी गाडी थांबली. दाजी मागच्या दारातून उतरले, बाकीच्या माणसासारखे. दत्तराव खाली मान घालून व्हता. घंटी दिली, गाडी गेली.

"झालं न्हाई, भुजंग," दाजी म्हणले. "बोटं धरत न्हाईत."

माझं डोकंच फिरलं. "कोण म्हणतंय धरत न्हाईत? पीठ काय मैद्यावानी काढलंय तुमी! कोण डॉक्टर हाय त्यो? मी उद्या जातो परभणीला, बघतो त्येला—"

दाजीनं माझी गच्ची धरली. उजव्या हातानं. गळ्यापाशी सदरा आवळला, गुंडी तुटून पडली.

"कुठं जायचं न्हाई," ते म्हणले. "कुणाला काही बोलायचं न्हाई. आन घरात तर न्हाईच न्हाई. तिला निवांत झोपू दे आता."

घरात गेल्यावर अक्काला त्यांनी तेच सांगितलं. अक्का भाकरी थापायली व्हती. तिचा हात थांबला. "बरं," असं म्हणली, आन परत थापायला लागली. त्या दिशीच्या भाकरी सगळ्या करपल्या.

मंग दाजीला डेपोच्या फाटकावर काम मिळालं. अक्का आन ते परभणीला खोली करून ऱ्हायला गेले, टेसनाच्या अंगाला. म्हंजे बघा, इतक्या वर्सानं दोघं एका छपराखाली आले. दाजी रोज घरी जेवायला लागले, गरम भाकर, ताटात. लोक म्हणायचे, देवानं बरंच केलं म्हणा की. मी कधी गेलो तर दाजीला बघायचो. गाडी आली की फाटक उघडायचे, गाडी जवळून जाताना पत्र्याला तळहात लावायचे, जनावराच्या पाठीला लावतेत तसा. गंगाखेडची गाडी बाहेर पडली की फाटक लवकर लावायचे न्हाईत. मागची गाडी हॉर्न वाजवायची, तरी न्हाईत.

"दाजी, लोक वरडायलेत," मी एकदा म्हणलो.

"वरडू दे. ती पूल चढेपतुर दिसती हिथून."

"एवढी याद येती तर बसा की एखाद्या दिशी त्या गाडीत. जाऊन या गंगाखेडला."

"मागच्या सीटवर?" दाजी म्हणले. एवढंच.

त्यानंतर दोन साल गेले. दत्तरावच्या पोरीचं लगीन ठरलं, त्यो आवतन द्यायला माझ्या दुकानावर आला. मी आता सवताचं दुकान टाकलं व्हतं, त्येच्यापुढं बाकड्यावर आमी च्या प्यायलो व्हतो. बोलता बोलता मी म्हणलो, "दाजीची बोटं तेवढी धरली असती तर आज पण तुमची जोडी असती."

दत्तरावनं बशी खाली ठेवली.

"बोटं?" त्यो म्हणला. "भुजंग, मला आण घातलीय त्येनं. पण लय झालं आता, माझ्या पोटात मावत न्हाई. त्येची बोटं पास झालती. डॉक्टरनं सही दिली. साहेब म्हणला, चल, गाडी काढ, डेपोला एक चक्कर मार. आश्रुबा चढला, इंजन चालू केलं, मी शेजारी उभा. त्येचं तोंड तू बघायला पाहिजे व्हतंस. मंग गाडी वळवायली आन त्येचं ध्यान फाटकाकडं गेलं. तिथं तुझी बहीण उभी. पदर तोंडाला लावून. हा बघतच ऱ्हाइला. इंजन बंद केलं. मला म्हणला, दत्तराव, ती मला आडवायला आलीया. बोलणार न्हाई ती. पण मी रोज गाडी काढल्यावर ती मनातून अशीच उभी ऱ्हाईल. मला न्हाई जमायचं. खाली उतरला आन सायबाला म्हणला, साहेब, बोटं धरत न्हाईत."

मी दुकान तसंच उघडं टाकून परभणीला गेलो. दाजी डूटीवर व्हते. अक्का खोलीत डाळ निवडायली व्हती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आवाज चढवून, जे तोंडात आलं ते. "तू काहून गेलतीस तिथं? तुला एवढी त्यांची गाडी नको व्हती तर सरळ त्वांडानं बोलायचं व्हतंस!"

अक्काच्या हातातलं सूप मांडीवर तसंच ऱ्हाइलं.

"त्येनं मला बघितलं?" ती म्हणली. "मला वाटलं, बोटं धरत न्हाईत म्हणूनच उतरला त्यो. माझं त्वांड बघून त्येला लाज नको वाटाया, म्हणून मी तशीच माघारी फिरले."

"मंग गेलतीस कशाला?"

"आडवायला न्हाई रं," अक्का म्हणली. "इतकी वर्सं बाभळीखाली उभी ऱ्हायले. मला फकस्त हात दिसायचा, की गाडी गेली. त्यो पास झाला की त्येच्याच गाडीत बसून घरी यायचं, असं ठरवून गेलते. त्येच्या गाडीत मी एकदा बी बसले नव्हते."